निरोपाचा एक खेळ

आषाढी वारींत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापुराकडे जाते, तेव्हां वाटेवर अनोळखी माणसें परस्परांच्या पायां पडतात आणि उराउरी भेटतात. परंतु घरांतील माणूस कायमचा जावयास निघाला असतां आम्हां शिकलेल्या मंडळींना ही रीत सुचत नाहीं. रोग्याजवळ औषधांची चर्चा होते. निरोपाचें बोलणें मात्र अमंगळ ठरतें. म्हणून एका व्हिडिओ गेमनें हाच विषय हातीं घेतलेला पाहून आम्हांस प्रथम आश्चर्य व मागाहून आदर वाटला.

‘स्पिरिटफेअरर’ हा खेळ कॅनडांतील माँट्रियल येथील थंडर लोटस गेम्स या संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केला. मृतांना पैलतीरीं नेणारा ग्रीक पुराणांतील नावाडी कॅरॉन निवृत्त होतो व त्याचें काम स्टेला या मुलीकडे येतें. सोबतीला डॅफोडिल नांवाचें मांजर. येथें लढाई नाहीं. नावेवर पाहुण्यांसाठीं घरें बांधावयाचीं, मळा लावावयाचा, प्रत्येकाच्या आवडीचें रांधावयाचें, वाटेल तेव्हां त्याला उराशीं धरावयाचें आणि अखेर ‘एव्हरडोर’ नामक दारापर्यंत पोंचवून परतावयाचें, एवढेंच.

या खेळाचा मोठा गुण हा कीं, त्यानें शोकाला कामाला लाविलें आहे. काटेरी अंगाच्या वृद्ध ॲलिसचा हात धरून तिला नावेच्या टोकापर्यंत फिरवून आणावें लागतें. पुढें स्मृति ढळून ती स्टेलालाच आपली मुलगी समजूं लागते. ज्यांनीं घरीं अशी सेवा केली असेल, त्यांना येथें उपदेशाची गरज भासणार नाहीं.

दोष आहे तो असा कीं, या नावेवर मरण फारच सभ्य आहे. बहुतेक पाहुणे आपली सर्व कामें उरकेपर्यंत थांबतात. आमच्या उजनीच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. २१ मे २०२४ रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत उलटली व सहा जीव गेले. तेथें कोणाला दारापर्यंत पोंचवावयाचें राहिलेंच नाहीं. हें ज्यांनीं जवळून पाहिलें, त्यांना खेळांतील रंगीत सूर्यास्त गोड भासला, तरी पुरा खरा वाटणार नाहीं.

आणि तरीहि एके ठिकाणीं कर्त्यांनीं स्वतःचाच नियम मोडला आहे. बेडकाच्या रूपांतील खादाड, दिलदार अतुल सर्वांसह एक मोठी मेजवानी जेवतो आणि त्यानंतर एके दिवशीं नावेवरून नाहींसा होतो. दार नाहीं, निरोप नाहीं. खेळणाऱ्याच्या मनांत मिठी राहूनच जाते. आमच्या मतें सबंध खेळांतील हा सर्वांत सच्चा प्रसंग होय, आणि बाकीच्या प्रसंगांचें मोलहि त्यामुळेंच कळतें. ताट वाढणें, हात धरून चार पावलें चालविणें, एवढें आपल्या स्वाधीन आहे. दार केव्हां उघडेल तें नाहीं.

मुलांनीं हा खेळ एकट्यानें खेळूं नये. आजी-आजोबांना शेजारीं बसवून खेळावा. मधेंच त्यांनीं कांहीं सांगावयास घेतलें, तर खेळ थांबवावा.