'काम' या शब्दाचा अर्थ : एक चिकित्सा

पालि ग्रंथांच्या कित्येक मराठी भाषांतरांत 'काम' या शब्दासाठी सरसकट 'कामवासना' हा एकच प्रतिशब्द योजलेला आढळतो. आमच्या मते तो अपुरा तर आहेच, शिवाय काही ठिकाणी धम्माच्या आशयाला बाधक आहे.

'काम' शब्दाचा संबंध 'इच्छिणे' या अर्थाच्या 'कम्' धातूशी आहे. वैदिक भाषेत त्याचा मूळ अर्थ केवळ इच्छा असा. नासदीय सूक्तात तो याच व्यापक अर्थाने येतो. मराठीतील 'कामगार' या शब्दातील 'काम' मात्र निराळा. तो 'कर्म', 'कम्म' या परंपरेतून आलेला आहे. पालीत भिन्न असलेले 'कम्म' आणि 'काम' मराठीत उच्चाराने एक झाले.

सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील पहिल्याच कामसुत्तात शेत, सोने, गुरे, आप्त आणि स्त्रिया या सर्वांची गणना 'कामां'त केली आहे. त्यावर भाष्य करताना महानिद्देसाने वत्थुकाम, म्हणजे हवीशी वाटणारी वस्तू, आणि किलेसकाम, म्हणजे चित्तातील आसक्ती, असे दोन भेद केले. शरीरसंबंधासाठी पालीत 'मेथुन' हा स्वतंत्र शब्द असून भिक्खूंच्या पहिल्या पाराजिकात तोच येतो.

आता कोणी विचारील, स्त्रीची गणना कामांत झाली, तेव्हा दोष तिचाच नव्हे काय? याचे उत्तर अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील निब्बेधिकसुत्तात आहे. जगातील सुंदर विषय हे 'कामगुण' होत. खरा काम म्हणजे मनुष्याचा संकल्पराग, असे तेथे स्पष्ट केले आहे. विषय जेथल्या तेथे राहतात. धीर पुरुष त्यांविषयीचा छंद आवरतो. म्हणजे दोष पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीचा नसून पाहणाऱ्याच्या चित्ताचा आहे.

याच दृष्टीने तिसरे शील वाचावे. 'कामेसु' हे सप्तमीचे बहुवचन असून निषेध 'मिच्छाचारा'चा आहे. अट्ठसीलात याच जागी 'अब्रह्मचरिया' हा शब्द येतो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर हा बदल करण्याचे प्रयोजन उरले नसते. उपासकास गृहस्थजीवन वर्ज्य नाही, त्यातील दुराचार वर्ज्य आहे. तिसरे शील इच्छेवर नव्हे, आचरणावर बोट ठेवते. म्हणून तेथे 'व्यभिचार' हा शब्द 'कामवासने'पेक्षा अधिक जवळचा ठरतो.

तेव्हा भाषांतरकारांनी वत्थुकामासाठी 'भोग्य विषय', किलेसकामासाठी 'आसक्ती' आणि मेथुनासाठी 'मैथुन' असे प्रतिशब्द प्रसंग पाहून योजावेत, अशी आमची सूचना आहे. शब्द ढिला राहिला की शीलाचा अर्थही ढिला होतो, आणि त्याचा भार बहुधा स्त्रीच्याच माथी येतो.