श्यामचे पोहणे आणि शिक्षकाचे शिक्षण

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आपण मातृप्रेमाची गाथा म्हणून वाचतो. भावी शिक्षकांनी मात्र तीतील पोहण्याचा प्रसंग अधिक डोळसपणे वाचावा.

पाण्याच्या भीतीने श्याम माळ्यावर लपतो. आई त्याला झोडपून विहिरीवर धाडते. श्याम पोहतो, भीती जाते. पुस्तक येथेच मिटले, तर मार हेच भीतीवरचे औषध ठरेल. परंतु लेखक तेथे थांबत नाही. श्याम अंगावरचे वळ दाखवतो. आईचे डोळे भरून येतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तळमळ ती बोलून दाखवते. प्रसंगाचे सामर्थ्य या संवादात आहे, माराच्या धाकात नाही. उणीव एवढीच, की हा संवाद माराआधी होत नाही.

जुलै २०२२ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी घरांत शिरले. अशा गावच्या शाळेत आभाळ भरून आले की एखादे मूल खिडकीकडेच पाहत बसेल. त्याला दरडावणारा शिक्षक आणि जवळ बसून त्याची भीती ऐकून घेणारा शिक्षक, यांतील अंतर म्हणजेच सामाजिक-भावनिक शिक्षण होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरवला. परंतु छडीच्या जागी काय यावे, हे अध्यापक विद्यालयांनीच शिकवायला हवे. पाठ-टाचणाइतकाच ऐकण्याचाही सराव व्हावा. श्यामच्या आईने अखेरीस जे केले, ते शिक्षकाने आरंभीच करावे.