विकले कोणी? जुन्या शहरांच्या सफरी आणि न सांगितलेला बाजार

येलदरीहून सकाळची एस.टी. धरली, की जिंतूर, मंठा, जालना करत माणूस जेवणवेळेला छत्रपती संभाजीनगरात पोचतो. शिक्षक असताना या रस्त्याने मी शाळेच्या बऱ्याच सहली नेल्या. मुलांना बीबी का मकबरा दाखवायचा, पाणचक्कीवर डबे सोडायचे, वेळ उरला तर देवगिरीचा किल्ला. निवृत्तीनंतर गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतः पैसे भरून, माहिती सांगणाऱ्या गाईडच्या मागे, जुन्या शहराची पायी सफर केली. या लेखाचे निमित्त ती सफर आहे.

आमचा गाईड तरुण होता, वाचलेला होता, आवाजही चांगला होता. भडकल दरवाजासमोर आम्हा बारा-तेरा जणांना उभे करून त्याने मलिक अंबरची गोष्ट सांगितली. आफ्रिकेतला एक गुलाम दख्खनमध्ये येतो, निजामशाहीचा कर्ता पुरुष होतो, मोगलांना जेरीस आणतो, खडकी नावाचे शहर वसवतो आणि विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये हा दरवाजा बांधतो. ‘गुलामाचा झाला वजीर!’ या वाक्यावर त्याने हात वर केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्यात आईबरोबर आलेली सहावी-सातवीतली एक मुलगी होती. तिने विचारले, “दादा, पण त्यांना विकलं कोणी?”

“ते तिकडे, आफ्रिकेत झालं बाळा,” असे म्हणून तो नहरीकडे वळला.

त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण वर्गात मीदेखील हा धडा असाच शिकवत आलो. ‘गुलाम’ हा शब्द पहिल्या वाक्यात यायचा आणि दुसऱ्या वाक्यात वजीर. मधल्या जागेत काय होते, हे सांगायची गरज मला कधी वाटली नाही. त्या मुलीच्या प्रश्नाने मात्र माझे वर्ष खाल्ले. पुढच्या काही महिन्यांत मी गोव्याची, पुण्याची आणि नाशिकची अशाच तऱ्हेची सफर केली, प्रत्येक ठिकाणी वही घेऊन. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. या सफरींचे का होऊ नये? आज इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा गाईडचे ऐकणारेच अधिक असतील.

आधी त्या मधल्या जागेबद्दल. अंबरचे मूळ नाव चापू. जन्म इथिओपियातला, 1548 च्या सुमाराचा. पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी 1617 मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात हा पोर 80 नाण्यांना विकला गेला, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे बगदादमध्ये मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले, शिकवले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. ते नाव सुगंधी द्रव्याचे. मालाला द्यावे तसे. शेवटी तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही पूर्वी हबशी गुलामच होता आणि त्याच्या पदरी एक हजार हबशी गुलाम असल्याचे सांगतात.

म्हणजे ‘ते तिकडे झालं’ हे अर्धेच खरे. विकणारे तिकडे होते. घेणारे इथे, आपल्या नगरमध्ये होते. का घेत होते, याचे उत्तर रिचर्ड ईटन यांनी दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील पुस्तकात नीट मांडले आहे. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट एकमेकांच्या उरावर बसलेले. अशा वेळी ज्याला इथे भाऊबंद नाहीत, जमीन नाही, मालकाशिवाय दुसरा आधार नाही, असा लढवय्या सरदाराला हवा असे. आणि इथिओपियातून माणसे येत त्या बदल्यात इकडचे सुती कापड जाई. मी कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातला माणूस. हे वाचल्यावर काही वेळ पुस्तक मिटून ठेवले. कोणते बोंड कोणत्या पोराच्या मोलात गेले, याचा हिशेब निघणार नाही, पण बाजाराचे दुसरे टोक आपल्या बाजूला होते एवढे मात्र त्या मुलीला सांगता आले असते.

चंगीझखान मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे: 1600 मध्ये मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवणे, मालोजी-शहाजींसारख्या मराठ्यांना जवळ करणे, 1624 ची भातवडीची लढाई, 1626 मध्ये मृत्यू. जहांगीर त्याच्यावर इतका जळत असे, की अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत असे चित्र त्याने अबुल हसनकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याच्या हाती कधी लागले नाही.

अंबरच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार गोष्टीच्या घडणीबद्दल आहे. गुलामगिरी ही जणू त्याच्या चढणीची पहिली पायरी, असे ऐकणाऱ्याला वाटते. देवगिरीच्या किल्ल्यावरही तेच. मलिक काफूरचा उल्लेख येतो, त्याचे ‘हजारदिनारी’ हे टोपणनाव गाईड चवीने सांगतात. हजार दिनार ही त्या माणसाची किंमत होती. खंबायतच्या लुटीत तो अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेच्या हाती लागला होता. किंमतच पदवी झाली, आणि आपण ती बिरुदासारखी उच्चारतो.

(आमच्या गाईडने पाणचक्कीही अंबरच्या खात्यावर जमा केली. ती अठराव्या शतकातली, अंबर जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाल्यानंतरची. नहर-ए-अंबरीचे काम त्याने समजावून सांगितले ते मात्र उत्तम. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून उताराने शहरात कसे आणले हे मला इतके स्पष्ट आधी कळले नव्हते.)

जुन्या गोव्यातली सफर सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत मुकी. मांडवीच्या धक्क्यावरून व्हाइसरॉयच्या कमानीतून आत शिरलो. बाईंनी वास्को द गामाचा पुतळा दाखवला, पुढे संत काजेतानचे चर्च, आदिलशाही महालाचे उरलेले दार, मग बॉम जेझू. आम्ही चाललो तो झाडांच्या सावलीतला शांत रस्ता म्हणजे एके काळची रुआ दिरैता, सरळ रस्ता. यान ह्यूगेन फान लिन्सखोटेन 1583 ते 1588 या काळात गोव्यात होता. या रस्त्यावर रोज सकाळी दोनेक तास लिलाव चाले असे तो सांगतो, आणि तिथे विकायला येणाऱ्या वस्तूंत अरबी घोड्यांच्या जोडीने पुरुष आणि स्त्रिया येतात. 1596 मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात या बाजाराचे चित्रही आहे. वीस-एक वर्षांनी आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल लिहितो, की भरतकाम येणाऱ्या, मुरंबे करता येणाऱ्या मुलींना भाव जास्त. गुलाम दिवसभर पाणी वाहून, मिठाई विकून जे कमावत ते मालकाकडे जाई; कित्येक घरे तेवढ्यावर चालत. पूर्व आफ्रिका, बंगाल, चीन, जपान, इतक्या ठिकाणची माणसे त्या रस्त्यावर उभी राहिली. पोर्तुगिजांच्या मुलखात गुलामीची स्थिती कायद्याने संपली 1869 मध्ये.

दीड तासांत यातले एक अक्षर आले नाही. मी हळूच विचारले, तर बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, “लोक दर्शनाला येतात ना सर, त्यांना हे कसं सांगायचं?” मला हे उत्तर संभाजीनगरच्या उत्तरापेक्षा आवडले. निदान त्यात, सांगण्यासारखे काही आहे ही कबुली होती.

सांगायचे म्हटले तर कसे, हा प्रश्न खराच आहे. सेनेगलच्या किनाऱ्याजवळ गोरे नावाचे बेट आहे, 1978 पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथल्या ‘गुलामांच्या घरा’चे राखणदार बुबकार जोसेफ नदियाये यांनी अनेक दशके पर्यटकांना समुद्राकडे उघडणारे ‘न परतीचे दार’ दाखवले आणि तिथून लक्षावधी माणसे गेल्याचे सांगितले. ऐकणारे रडत. फिलिप कर्टिन यांच्यासारख्या इतिहासकारांनी हे आकडे त्या घराला अजिबात पेलणारे नाहीत असे म्हटल्यावर मोठा वाद झाला. मी गोरेला गेलेलो नाही, जाणे होणारही नाही. पण वाचताना वाटले, की एका टोकाला आकडा फुगवून रडवणे आहे आणि आपल्याकडे टाळ्या घेऊन पुढे सरकणे आहे. दोन्हींत तो विकला गेलेला एकेक माणूस हातून निसटतोच. मला रडवणारी सफर नको आहे. ‘इथे लिलाव होत असे, सकाळी’ एवढे एक वाक्य मला पुरे होते.

पुण्यात मात्र माझा संयम सुटला, हे कबूल करतो. शनिवारवाड्याच्या सफरीत 1732 ची वास्तुशांत आली, मस्तानी आली, दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे आले, आणि 1773 ची नारायणरावाची किंकाळी तर नाट्यप्रयोगासारखी आली. मग गाईडने नुसत्या जोत्यांवर बोट फिरवत कोठी, मुदपाकखाना, गोठे यांविषयी सांगितले. तिथे काम कोण करत होते? पेशवे दफ्तरात उत्तर आहे: कुणबिणी. हा शब्द कुणबी जातीशी घोटाळू नये. दफ्तरातली कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, मुलूखगिरीत धरून आणलेली, दुष्काळात आईबापांनी विकलेली किंवा बदकर्माचा आळ ठेवून सरकारजमा केलेली बाई. तिच्या खरेदी-विक्रीवर सरकारी देणे असे. पळाली तर शोध असे. म्हातारी झाली, काम होत नाही, म्हणून सोडून दिल्याचेही कागद आहेत. पोटची मुलगी बहुधा तिच्याच वाटेने जाई.

हे काही नवे संशोधन नाही. जपानहून आलेले हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातल्या मराठी राज्यातल्या गुलामीवर स्वतंत्र निबंध लिहिला, सुमित गुहा यांनी लिहिले, उमा चक्रवर्ती यांनी लिहिले. शोधायला झांझिबारला जायचे नव्हते. दफ्तर पुण्यातच आहे, वाड्यापासून रिक्षाच्या अंतरावर.

अंबरची गोष्ट आपल्याला सांगवते आणि कुणबिणीची सांगवत नाही याचे कारण मला इथे, त्या जोत्यांपाशी उभे असताना उमगले. अंबर वर चढला, म्हणून त्याला विकत घेणाऱ्यांचे पाप त्याच्या यशात बुजून जाते. कुणबीण वर चढली नाही. दळण-कांडण, शेणगोठा, आणि एक दिवस नोंद बंद. तिची गोष्ट सांगायची तर मालकाचे नाव घेतल्याशिवाय ती सुरूच होत नाही. आणि मालक परके नाहीत, तिकडचे नाहीत.

याच शहरात जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. पुण्याच्या काही सफरी गंज पेठेतल्या फुले वाड्यातही जातात. तिथे हे पुस्तक सांगतात, अर्पणपत्रिकाही सांगतात. शनिवारवाड्यापासून फुले वाड्यापर्यंतचे अंतर पायी अर्ध्या तासाचे. त्या अर्ध्या तासात कोणी कुणबीण हा शब्द उच्चारत नाही.

1873 साल आणखी एका कारणाने लक्षात राहिले. त्याच वर्षी मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी खटपट केलेल्या करारानंतर झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला, आणि त्याच वर्षी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला. त्याचे शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ते खांद्यावर नेणाऱ्यांत जेकब वेनराइट हा तरुण होता. तो शिकला होता आपल्या नाशिकला. इंग्रजी नौदलाने अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात. त्यांतली कित्येक नाशिकच्या शरणपूर वसाहतीत मिशनऱ्यांकडे येत, लिहिणे-वाचणे, सुतारकी, लोहारकी शिकत. पुढे 1875 च्या सुमारास त्यांतले बरेच मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला जाऊन राहिले. तिकडे त्यांच्या वंशजांना ‘मुंबईचे आफ्रिकन’ म्हणून ओळखतात. शरणपूर रोडवर आज दवाखाने, शोरूम, कॉलेजची पोरे. नाशिकच्या सफरीत गोदाघाट आणि पंचवटीच होती. शरणपूर हे नाव कसे पडले, असे मी गाईडला विचारले. “सर, जुनं नाव आहे ते,” एवढेच तो म्हणाला. आणि इथे तर लाज वाटावी असे काही नव्हतेही.

माझ्या गावाला तरी मी वेगळे काय करतो? पूर्णेवरचे आमचे धरण बघायला सहली येतात. त्यांना आम्ही दरवाजे किती, वीज किती, हे सांगतो. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे त्या यादीत नसतात.

उन्हाळ्याआधी पुन्हा संभाजीनगरला गेलो, आणि यावेळी एकटाच खुलताबादला. औरंगजेबाच्या कबरीपाशी गाड्यांची रांग होती; अंबरच्या मकबऱ्यात मी आणि दोन शेळ्या. जवळच त्याची बायको करीमा हिची कबर आहे. तीही हबशीच. शहरात परतलो तेव्हा भडकल दरवाजाजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला माणसे आली होती. तिथेच उभा राहून आमच्या त्या तरुण गाईडला फोन लावला. मोखा, बगदाद, नगर, 80 नाणी आणि कापड, सगळे सांगितले. त्याने मधे न बोलता ऐकून घेतले.

“सर, यानं पाच मिनिटं वाढतील,” तो म्हणाला. थोडा थांबला. “टाळ्यांच्या आधी सांगू की नंतर?”

मी म्हणालो, आधी.