सासवडचे तारकुंडे आणि आपण

न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे आपल्याच पुणे जिल्ह्यातले. ३ जुलै १९०९ रोजी सासवडला जन्मले. न्हावऱ्यापासून सासवड काही परमुलूख नव्हे, तरी आमच्या स्टाफरूममध्ये त्यांचे नाव कधी निघाले नाही. उर्दू शाळेत आम्ही सर सय्यद शिकवतो, मौलाना आझाद शिकवतो. तारकुंडे मला बी.एड. झाल्यावर, तेही योगायोगाने वाचायला मिळाले.

१९५७ ते १९६९ ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात वकिली, आणि जयप्रकाशांबरोबर नागरी हक्कांच्या संघटनांची उभारणी. पण मला थांबवले ते आणीबाणीतल्या खटल्याने. मिसाखाली पकडलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येते की नाही, एवढाच प्रश्न होता. स्थानबद्धांच्या वकिलांत तारकुंडे होते. त्या काळात संघाचे कार्यकर्ते तुरुंगात होते, तसे जमाअते इस्लामीचेही. तारकुंडे एम. एन. रॉय यांच्या विचारांचे, उघड निरीश्वरवादी. त्यांना यांपैकी कोणाचेच म्हणणे पटणारे नव्हते. तरी त्यांनी हक्क मागितला तो सर्वांसाठी. २८ एप्रिल १९७६ ला निकाल विरुद्ध गेला. पाच न्यायमूर्तींत एकटे एच. आर. खन्ना वेगळे राहिले. तो निकाल चूक होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. तोवर तारकुंडे जाऊन तेरा वर्षे झाली होती.

त्यांच्या ‘रॅडिकल ह्युमॅनिझम’ (१९८३) या इंग्रजी पुस्तकाच्या केंद्रस्थानी व्यक्ती आहे. राष्ट्र असो की जमात, ती माणसासाठी. माणूस तिच्यासाठी नव्हे. वाचताना हे पटते, पण इथेच माझी अडचण होते. संशयावरून एखाद्या पोराला उचलतात, तेव्हा उचलणाऱ्याला तो एकटा माणूस दिसतच नाही. त्याच्या नावात सारी कौम दिसते. याचे पुरेसे उत्तर मला त्यांच्या तत्त्वज्ञानात सापडले नाही. त्यांच्या वागण्यात मात्र सापडते. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदुत्वाला जीवनपद्धती म्हटले, तेव्हा त्या निकालावर स्पष्ट टीका करणाऱ्यांत हे माजी न्यायाधीश होते.

नास्तिकाचे पुस्तक म्हणून आपल्यातले काहीजण ते हातात घेणार नाहीत. मला खटकते ते वेगळेच. आपला पोरगा पकडला की आपल्याला राज्यघटना आठवते. पारध्याचा पकडला, तर आपण चहा पीत बसतो. न्हावऱ्याच्या स्टँडवर मीही तसा चहा प्यायलो आहे.