खेळ कोणी थांबवायचा? ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली तालीम

‘तालमीतली उत्स्फूर्तता’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: इम्प्रोव्हायजेशनमुळे नट मोकळा होतो. वाक्य चूक नाही, पण त्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. कोण मोकळा होतो आणि कोणी ठरवलेल्या नियमांत, हे विचारलंत की खरं काम सुरू होतं.

त्यासाठी आपल्या ओळखीचं एक नाटक या बाजूने वाचून बघा. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. स्त्रीवरचा अन्याय, मध्यमवर्गाचा दांभिकपणा यावर भरपूर लिहून झालंय, आणि ते योग्यच आहे. पण हे नाटक एका तालमीबद्दलही आहे, हे आपण पटकन विसरतो.

एक हौशी मंडळ अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावात आलंय. गावातल्या सामंतला कोर्टाची पद्धत कळावी म्हणून लुटुपुटीचा खटला उभा करायचा, असं ठरतं. आरोपी बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. म्हणजे आजच्या वर्कशॉपमध्ये असतो तसाच व्यायाम: परिस्थिती दिली, भूमिका वाटल्या, संवाद तुमचे तुम्ही शोधा.

गंमत अशी, की सुरुवातीला या खेळात सगळ्यांत तरबेज बेणारेबाईच आहेत. टोमणे, थट्टा, नकला त्यांना सहज जमतात. मग बिघडतं कुठे? स्तानिस्लाव्स्कीचा ‘जर’ आठवा. ‘मी या परिस्थितीत असतो तर?’ या ‘जर’मुळे नट आणि पात्र यांच्यात एक फट राहते. बेणारेबाईंची पाठ वळल्यावर बाकीचे संगनमत करतात आणि ती फट बुजवतात. खेळाचे नियम सगळ्यांना माहीत, एका आरोपीला सोडून.

सामंतची साक्ष तर पुन्हा पुन्हा वाचा. बिचारा हातातल्या कादंबरीतून उचलून साक्ष देतो. त्याच्या मनात काही काळंबेरं नाही. तरी त्याची ती थाप बरोबर वर्मी बसते. म्हणजे उत्स्फूर्ततेतून ‘सत्य’ बाहेर आलं, म्हणून ती तालीम चांगली झाली, असं म्हणता येत नाही. आणि बेणारेबाई शेवटी मन मोकळं करतात, तेव्हा बाकीचे सगळे थिजलेले असतात. खेळाच्या आत त्यांच्या शब्दांना जागाच नाही.

याच्या शेजारी तमाशातली गवळण ठेवा. मावशी आयत्या वेळी काहीही आडवंतिडवं बोलते, पण कृष्णाला, पेंद्याला आणि समोरच्या प्रेक्षकाला चौकट ठाऊक असते. तिथे कोणी सापळ्यात सापडत नाही. उत्स्फूर्तता दोन्हीकडे आहे. फरक आहे तो चौकट कोणाकोणाला माहीत आहे याचा.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘शांतता’मधला प्रत्येक ‘उत्स्फूर्त’ शब्द तेंडुलकरांनी लिहिलेला आहे. त्यामुळे प्रत्यक्ष तालमी कशा होतात याचा पुरावा म्हणून हे नाटक वापरू नका; प्रश्न कसा विचारावा, हे शिकण्यासाठी वापरा. पुरावा तालमीच्या हॉलमध्येच मिळेल. नावड्यात राहत असाल तर एकांकिका बसवणारे ग्रुप शोधायला पुण्याला जायची गरज नाही. पनवेलचं फडके नाट्यगृह आणि वाशीचं भावे नाट्यगृह जवळ आहेत. तिथे प्रयोग करणारे कुठेतरी तालमी करतच असतात, तिथून सुरुवात करा.

वहीत ‘नट खूप मोकळे झाले’ एवढंच लिहून येऊ नका. परिस्थिती कोणी दिली, ती कोणापासून लपवली, आणि ‘आता पुरे’ कोणी म्हटल्यावर खेळ खरंच थांबला, हे टिपा. बेणारेबाई निघायला गेल्या, तेव्हा दाराची कडी अडकली होती. तुम्ही बघाल त्या हॉलमध्ये दार उघडं आहे का, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.