यादी गेली, आता वाचणार कोण?

माझ्या नावावर एक शोधनिबंध आहे. 2019 साली अमरावतीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी तो एका ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलमध्ये छापून आणला. विषय होता कपाशीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखण्याचा. मंगळवारी पाठवला, गुरुवारी स्वीकारल्याचा मेल आला. परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा, खाली बँकेचा खाते क्रमांक. पैसे चौघांत वाटून भरले, प्रमाणपत्रं प्रोजेक्टच्या फाईलला लावली, गुण मिळाले.

आमच्या प्रोग्रामची अचूकता आम्ही 98 टक्के लिहिली होती. ती चुकीची होती, पण ते आम्हाला माहीत नव्हतं. ज्या फोटोंवर प्रोग्रामला शिकवलं, त्यातलेच बरेच फोटो त्याच्या परीक्षेतही होते. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कोड रिव्ह्यू करताना एका सीनियरनं विचारलं, “टेस्टचा डेटा वेगळा काढलायस ना?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हा एक प्रश्न 2019 मध्ये गाईडनं विचारला नव्हता, परीक्षकानं नाही, संपादकानंही नाही.

जर्नलांच्या नैतिकतेची आपल्याकडची चर्चा मात्र प्रश्नांभोवती फिरत नाही, याद्यांभोवती फिरते. अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी लुटारू जर्नलांची यादी चालवली आणि जानेवारी 2017 मध्ये ती काढून घेतली. त्याच महिन्यात यूजीसीनं मान्यताप्राप्त जर्नलांची यादी आणली. तीत बत्तीस हजारांवर नावं होती. 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये या यादीची झडती घेतली. विद्यापीठांच्या शिफारशीनं आत आलेली 1,009 जर्नलं तपासली, तर त्यातली सुमारे 88 टक्के निकृष्ट दर्जाची निघाली. त्या मे महिन्यात यूजीसीनं 4,305 नावं कापली. मग 2019 मध्ये ‘केअर’ची नवी यादी आली. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाल्याचं जाहीर झालं. आता काही सुचवलेले निकष आहेत. ते लावून जर्नल पारखायचं काम संस्थांनी आपापलं करायचं.

हे कळलं तेव्हा अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मावसबहिणीचा फोन आला. “काय रे, आता यादीच नाही राहिली, तं माणसानं पेपर द्यावा कुठी?”

तिचा त्रागा मला पटतो. यादी वाईट असली तरी लहान गावातल्या माणसाला तिचा आधार होता. ज्याच्या ओळखीत कुणी संशोधक नाही, त्यानं चांगलं जर्नल ओळखायचं कशावरून? निकष वाचून? संपादक मंडळ आहे का, परीक्षणाचं धोरण लिहिलंय का, हे सगळं वेबसाईटवर दिसतं; आणि वेबसाईट म्हणजे काय ते मला धंद्यामुळे ठाऊक आहे. अख्ख्या जर्नलची हुबेहूब नक्कल एका संध्याकाळी उभी करता येते. केअरच्या काळात खऱ्या जर्नलांच्या नावानं बनावट साईट निघाल्या, आणि यूजीसीला अशा नकली जर्नलांचीही यादी करावी लागली. म्हणजे यादीला राखण म्हणून दुसरी यादी.

आमच्या वऱ्हाडात बियाण्याचं पाकीट बघून कोणी निश्चिंत होत नाही. बोगस बियाणं दर हंगामाला ऐकू येतं. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वाणावर शेतकरी भरवसा टाकतो तो पाकिटावरच्या नावामुळे, असं वरवर वाटतं. पण त्या नावामागे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत घेतलेल्या चाचण्या असतात. तरीही शेतकरी शेजाऱ्याला विचारतोच, “तुमच्या वावरात कसं निंगालं?” शोधनिबंधाबाबत हा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. आपण फक्त पाकिटं मोजतो.

2013 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध 304 जर्नलांना पाठवला. 157 जर्नलांनी तो स्वीकारला. यातून लोकांनी धडा घेतला की जर्नलं लबाड आहेत. मला त्यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो. लबाड दुकान चालतं, कारण गिऱ्हाईक आम्ही होतो. आम्हाला निबंध वाचला जायला नको होता, छापला जायला हवा होता. 2016 च्या नियमानं पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापणं सक्तीचं केलं; 2022 मध्ये ती सक्ती गेली. पण बढतीच्या अर्जात आकडा विचारला जातोच. 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनीही 10, 40, 60 अशा टक्क्यांच्या पायऱ्या ठरवल्या. आमचा निबंध त्या सॉफ्टवेअरमधून आरामात सुटला असता. वाक्यं आमचीच होती. चूकही आमचीच होती.

म्हणून मला नवी यादी नको आहे. निवड समितीनं उमेदवाराचे दहा निबंध मोजण्याऐवजी त्याचा एकच निबंध आधी वाचून यावा आणि त्यावर अर्धा तास प्रश्न विचारावेत. विभागात महिन्याला एकदा एकमेकांचं लिखाण वाचावं, पाठवण्याआधी. याला अनुदान लागत नाही. वेळ लागतो आणि सहकाऱ्याला “हे पटलं नाही” असं म्हणायची हिंमत लागते. खरी अडचण तीच आहे.

मध्यंतरी मी त्या जर्नलला निबंध मागे घ्यायला लिहिलं. उत्तर तत्परतेनं आलं: त्याचं वेगळं शुल्क आहे. तोवर तीन निबंधांनी आमच्या 98 टक्क्यांचा हवाला दिला होता. कुणीही आम्हाला डेटा मागितला नाही.

मावसबहिणीला मी जर्नलचं नाव सुचवू शकलो नाही. तिचा निबंध मागवून घेतला, वाचला आणि चार शंका लिहून पाठवल्या. “तू काय माहा गाईड हायेस का?” म्हणून ती आधी भडकली. दोन दिवसांनी तिघींची उत्तरं आली. चौथ्या शंकेवर ती अजून काम करते आहे.