'स्मृतिचित्रे' : घरातील श्रद्धेचे स्वरूप

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) या आत्मचरित्राकडे पाहण्याच्या दोन दृष्टी प्रामुख्याने संभवतात. एका दृष्टीने प्रांजळ, विनोदी निवेदन हे या ग्रंथाचे मर्म आणि धर्मांतर हा संसारातील एक वादळी प्रसंग ठरतो. दुसरी दृष्टी या ग्रंथाला ख्रिस्ती श्रद्धेची साक्ष मानते. पहिली श्रद्धेला आशयाबाहेर ठेवते, तर दुसरी विनोदाला श्रद्धेबाहेर. प्रत्यक्षात या संहितेत श्रद्धेचा शोध स्वयंपाकघर, आजाऱ्याची खाट आणि वार्धक्यातील स्मरण यांच्याद्वारेच घेतला जातो. म्हणून ही फारकत टिकत नाही.

मराठीतील धर्मांतरकथनाचा एक परिचित आकृतिबंध आहे. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'त शंका, ग्रंथवाचन, वादविवाद आणि निर्णय असा क्रम दिसतो. त्याच्या केंद्रस्थानी मतपरिवर्तन असते. 'स्मृतिचित्रे'मध्ये मतचर्चेला हे स्थान नाही. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षांनी. मधला काळ ताटातुटीचा, पुनर्भेटीचा आणि वेगळ्या चुलीचा आहे. प्रश्न पडतो तो पाणी कोणाच्या हातचे प्यावे, हा. ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे वेड येते, आणि १८५७च्या उठावात आजोबांना झालेल्या फाशीशी त्याचा धागा जुळलेला असतो. अशा घरात वाढलेली स्त्री जेव्हा जाती ईश्वराने केल्या की माणसांनी, असा विचार करू लागते, तेव्हा तो केवळ तात्त्विक राहत नाही. त्याच्या उत्तरावर रोजचे जेवण अवलंबून असते. जातीचा त्याग येथे बाप्तिस्म्याच्या आधी घडतो. आचार आधी बदलतो, आणि मग त्याला श्रद्धेचे नाव मिळते.

या बदलाचा खरा अर्थ आजारपणाच्या प्रसंगांत उलगडतो. सोवळ्याच्या व्यवस्थेत स्पर्श म्हणजे विटाळ. शुश्रूषेत स्पर्शावाचून काहीच घडत नाही. नगरमधील प्लेगच्या काळात रुग्णांची सेवा करणारे हात पूर्वी स्पर्श टाळणारेच हात होते, हे वाचक विसरू शकत नाही. निवेदक मात्र या अंतराचा गाजावाजा करत नाही. सेवेचे उदात्तीकरण टाळून ती कामाचे, धांदलीचे आणि भीतीचेही वर्णन करते. पावित्र्याची कल्पना येथे नष्ट होत नाही; तिचे ठिकाण बदलते.

तथापि घरातील श्रद्धा म्हणजे केवळ सौख्य नव्हे. टिळकांचे औदार्य घराला महागात पडते. ते माणसे घरी आणतात. पानावर काय वाढायचे हा प्रश्न पत्नीपुढे राहतो. १९१७मध्ये मिशनच्या वेतनाचा त्याग करून टिळक 'देवाचा दरबार' उभारू पाहतात, तेव्हा हा ताण अधिकच स्पष्ट होतो. एकाची श्रद्धा घर ओलांडून जाते. दुसरीच्या श्रद्धेला घर सावरावे लागते. विनोदाचे कार्य नेमके येथे दिसते. तो पतीची थोरवी नाकारत नाही, परंतु तिची किंमत कोण चुकवते हे लपूही देत नाही. स्वतःच्या भाबडेपणावरही तो तितकाच चालतो. म्हणून त्याला केवळ स्वभावविशेष न मानता आत्मपरीक्षणाचे साधन मानणे युक्त ठरेल.

यावर असा आक्षेप घेता येईल की ही श्रद्धा नसून पतीचे अनुगमन आहे. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादाचे 'आय फॉलो आफ्टर' हे शीर्षक या वाचनाला पुष्टी देते. परंतु केवळ अनुगमनच असते, तर पाच वर्षे लागली नसती. पतीविषयीची ओढ आणि त्याच्या निर्णयाला दिलेला नकार दीर्घकाळ एकत्र नांदतात, आणि संमती अखेर स्वतःच्या वाटेने येते.

या सर्वांकडे पाहणारी दृष्टी वृद्ध स्त्रीची आहे. १९१९ साली पती निवर्तल्यानंतर दीड दशकाने ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. भूतकाळ पापमय आणि वर्तमान उद्धारित, अशी विभागणी ती करत नाही. सोवळे पाळणारी मुलगी, रुसलेली पत्नी आणि ख्रिस्ती विधवा या तिघींवर तिची सारखीच माया आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९३६ साली त्या निवर्तल्या, तेव्हा 'स्मृतिचित्रे'चा अपुरा चौथा भाग पुत्र देवदत्त यांनी पूर्ण केला. एकाचे अपुरे राहिलेले दुसऱ्याने हाती घ्यावे, हा घराचाच रिवाज आहे. 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धेचा विचार या रिवाजापासून सुरू झाला, तर ख्रिस्ती साहित्य हे मराठी साहित्याचे वेगळे दालन मानण्याची सवयही पुन्हा तपासावी लागेल.